वीज गेली, फोनही गेला

वडगावात आमच्या मामांचे साड्यांचे दुकान आहे. त्यांनी इंटरनेटवरचा फोन बसवला. दुकान आणि गोदाम एका नंबरावर आले. ‘मराठीसाठी एक दाबा, कन्नडक्कागि एरडु ओत्ति’ हा आवाज मामींचा! मामा खूश. पण ऐन लग्नसराईत वीज गेली आणि सगळे फोन मुके झाले. गिऱ्हाइकाला वाटले, दुकान बंद. मोठी ऑर्डर दुसरीकडे गेली.

कारण साधे आहे. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून तारेतूनच मिळायची. नव्या फोनला ती आपल्याकडची लागते. म्हणून फोन, राउटर, स्विच आणि फायबरची पेटी सगळेच यूपीएसवर घ्या; यातले एक जरी राहिले तरी फोन बंद. शिवाय नेट तुटल्यास कॉल मोबाइलवर वळवण्याची सोय सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर हवी. दुकानातले यंत्र तेव्हा काय वळवणार?

एका कॉलला दोन्ही दिशांना सुमारे १०० केबीपीएस धरा आणि त्या हिशेबाने अपलोडचा वेग तपासा.

आणि हो, फोन बसवणारा माणूस जाण्याआधी मेन स्विच बंद करून दुकानाचा नंबर लावून पाहा. ही परीक्षा गिऱ्हाइकाने घेण्यापेक्षा आपणच घेतलेली बरी!