"जरा फिरून ये" हे औषध नव्हे!

मंडळी, नैराश्य आलेल्या माणसाला आपल्याकडे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "जरा टेकडीवर जा, झाडं बघ, दीर्घ श्वास घे, सगळं ठीक होईल." सांगणारा मायेनेच सांगतो. पण मला या सल्ल्याचा राग येतो.

निसर्गाचा गुण मी नाकारत नाही. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली 'सायन्स'मध्ये ४६ रुग्णांचा अभ्यास छापला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. शरीराकडे लक्ष देण्याचंही तसंच. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या कार्यक्रमात पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेतात. पण तिथे शिकवणारा असतो, सोबतीला गट असतो, आठवड्यांमागून आठवडे सराव असतो.

आपण काय केलं? झाडं घेतली, श्वास घेतला आणि सोबतचा माणूस तेवढा गाळला!

नैराश्यात अंथरुणातून उठणंच डोंगराएवढं होतं. अशा माणसाला एकट्याने टेकडी चढायला सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला "चालून बघ" म्हणणं. तो गेला नाही, की "स्वतःच काही करत नाही" हा शिक्का तयार! आणि श्वासाचं म्हणाल तर, पॅनिकचा झटका येणाऱ्याची भीती छातीतल्या धडधडीकडे लक्ष दिल्याने वाढूही शकते. अत्याचार सोसलेल्या माणसाच्या नको त्या आठवणी उसळू शकतात. म्हणून जाणकार थेरपिस्ट घाई करत नाही. आधी जमिनीला टेकलेले तळवे, हातातला गार दगड, असा साधा आधार शोधतो. जमेल तेवढंच पुढे जातो.

इंग्लंडमध्ये २०२१ पासून सात भागांत निसर्गाची 'चिठ्ठी' देण्याचा प्रयोग झाला. तिथेही नुसतं "जा" म्हटलं नाही. मदतनीस माणसाशी बोलून त्याला बागकामाच्या किंवा चालण्याच्या गटाशी जोडून देत.

तेव्हा काका-मावश्यांनो, रागावू नका, पण पुढच्या वेळी "फिरून ये" ऐवजी "चल, मीही येतो, कोपऱ्यावरच्या झाडापर्यंतच जाऊ" म्हणा. डॉक्टरांची वेळ घ्यायला मदत करा. तेही जमत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर लावून द्या. आणि कृपा करून चालू गोळ्या परस्पर बंद करायला सांगू नका.

असो. झाडं कुठे पळून जात नाहीत. त्यांच्यापर्यंत हात धरून नेणारं कुणीतरी हवं, एवढंच.