डीजेसाठी पहिला लॅपटॉप : वेगवान नको, न अडखळणारा हवा

हळदीचा कार्यक्रम, रात्रीचे साडेनऊ. दहाला आवाज बंद करायचा आहे, त्यामुळे उरलेल्या अर्ध्या तासात सगळ्यांना नाचून घ्यायचंय. नेमकं तेव्हाच गाणं 'टक्-टक्' करायला लागतं, स्पीकरमधून खर्रकन आवाज येतो आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहतं. एक मिनिट जातं, दोन मिनिटं जातात. नवरीचा मामा टेबलाकडे येतो. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर कोणता आणि रॅम किती, याच्याशी त्याला देणं-घेणं नसतं. 'डीजे बंद पडला' एवढंच गावभर होतं आणि पुढची सुपारी दुसऱ्याकडे जाते.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि दरवर्षी नवी पोरं या धंद्यात उतरतात. कुणी सोयाबीनच्या पैशातून लॅपटॉप घेतं, कुणी हप्त्यावर, कुणी आईच्या बचत गटातून कर्ज काढून. दुकानात 'डीजेसाठी हवाय' म्हटलं की काउंटरवर लाल दिव्यांचा कीबोर्ड असलेला गेमिंग लॅपटॉप येतो. सगळं बजेट त्यातच संपतं. कंट्रोलर 'नंतर बघू' यादीत जातो आणि हळदीतलं 'टक्-टक्' तरीही टळत नाही.

कारण डीजेच्या कामात लॅपटॉप किती वेगवान आहे, याला दुय्यम महत्त्व आहे. तो मध्येच अडखळतो का, हा खरा प्रश्न.

आवाज तुटतो म्हणजे नेमकं काय होतं?

पंगतीतला वाढपी डोळ्यांसमोर आणा. त्याने धावायची गरज नसते, पण ताट रिकामं व्हायच्या आत तो पोहोचला पाहिजे. डीजे सॉफ्टवेअर चालू असताना प्रोसेसर हेच करत असतो. साधारण दर्जाच्या डिजिटल गाण्यात एका सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात. सॉफ्टवेअर ते छोट्या छोट्या घासांत साउंड कार्डला वाढतं. हा घास म्हणजे 'बफर'. बफर २५६ नमुन्यांचा ठेवला, तर तो सुमारे ६ मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्यात पुढचा घास तयार नसेल तर स्पीकरमधून 'टक्' ऐकू येतं.

आता वाढपी कितीही चपळ असला, तरी कुणीतरी त्याला मुदपाकखान्यात गप्पा मारत उभं केलं तर? लॅपटॉपमध्ये हे उद्योग वाय-फायचा ड्रायव्हर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, बॅटरी वाचवणारी यंत्रणा किंवा मागे गुपचूप उतरणारं अपडेट करतं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर जेमतेम १५ टक्के दिसतो आणि तरीही आवाज तुटतो, तो यामुळे. सरासरी वापरावरून त्या ६ मिलिसेकंदांत काय घडलं ते कळत नाही.

बफर वाढवला, म्हणजे ताट मोठं केलं, तर तुटणं कमी होतं. १०२४ नमुन्यांवर २३ मिलिसेकंदांची उसंत मिळते. पण मग बटण दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येतो. स्क्रॅच करणाऱ्याला हा उशीर लगेच खटकतो. हळदीत एकामागून एक गाणी जोडणाऱ्याला मात्र ५१२ किंवा १०२४ वर काही अडत नाही. नवशिक्याने बफर मोठाच ठेवावा. कमी आकडा लावण्यात काही शान नाही.

विंडोजच्या लॅपटॉपची ही परीक्षा घेता येते. 'लेटन्सीमॉन' नावाचं सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी मोफत मिळतं. ते दहा-पंधरा मिनिटं चालवलं की हा लॅपटॉप सलग आवाजासाठी योग्य आहे का आणि नसेल तर कोणता ड्रायव्हर वाट अडवतोय, हे ते सांगतं. जुना लॅपटॉप विकणाऱ्याने एवढा वेळ द्यायला नकार दिला, तर दुसरं दुकान बघावं.

मग घ्यायचा कोणता?

बजेट तंग असेल तर नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कंपन्यांच्या वापरातून बाहेर पडलेला, दुरुस्त करून विकला जाणारा ऑफिसचा लॅपटॉप बरा. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९० किंवा एचपीचा एलिटबुक ८४० जी५ ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. त्यांची बांधणी मजबूत असते, दोन रॅम स्लॉट असल्याने रॅम वाढवता येते आणि सुटे भाग मिळतात. नव्या कोऱ्या स्वस्त लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम, सेलेरॉन प्रोसेसर आणि ईएमएमसी स्टोरेज असं त्रिकूट दिसलं, तर तो धंद्यासाठी घेऊ नये. शाळेच्या अभ्यासाला तो ठीक आहे.

एक आकडा मात्र डोळ्यांत तेल घालून पाहायचा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. 'आय५-८२५०यू' अशा नावात डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. तिथे ७ किंवा ६ असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्यावा. वर सांगितलेली काही मॉडेल सातव्या पिढीच्या प्रोसेसरसहही विकली गेली होती. त्यामुळे झाकणावरचं नाव वाचून समाधान मानू नये, सिस्टिमच्या माहितीत जाऊन प्रोसेसर पाहावा.

रॅम ८ जीबी चालते. गाण्यातून गायकाचा आवाज आणि ढोलकी-बीट जागेवरच वेगळे करण्याची 'स्टेम्स' सोय वापरायची असेल तर १६ जीबी घ्यावी. हे काम मात्र प्रोसेसरला खरोखर दमवतं. आठव्या पिढीच्या लॅपटॉपवर ते ऐन कार्यक्रमात करण्यापेक्षा ठरावीक गाण्यांचे स्टेम्स घरीच तयार करून ठेवलेले बरे.

गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड स्टेम्ससाठी काही सॉफ्टवेअरमध्ये कामी येतं, हे मान्य. पण एवढ्यासाठी जड चार्जर, गरम होणारी बॉडी आणि लवकर उतरणारी बॅटरी सांभाळण्यात पहिल्या वर्षी तरी अर्थ नाही. २०२० च्या अखेरीस आलेला एम१ मॅकबुक एअर वापरलेला आणि चांगल्या स्थितीत मिळाला तर वेगळी गोष्ट. त्याला पंखा नाही, बॅटरी चांगली टिकते आणि आवाजाची यंत्रणा मुळातच नीट बसवलेली आहे. पण पोर्ट फक्त दोन, रॅम नंतर वाढत नाही आणि आधीच्या मालकाचं ॲपल खातं त्यातून निघालेलं नसेल तर ती नुसती पाटी आहे.

जुना लॅपटॉप घेताना सगळे स्क्रीनवरचे ओरखडे बघतात. डीजेने आधी यूएसबी पोर्ट बघावेत. केबल लावून हलकेच हलवावी. जोडणी तुटत असेल तर भर मिरवणुकीत कंट्रोलर गायब होईल. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, हेही तपासावं. पक्कं बिल आणि निदान काही महिन्यांची वॉरंटी घ्यावी.

बेसच्या भिंतीपुढे हार्ड डिस्क का नको?

२०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी विंडोज एक्सपीच्या काळातला एक किस्सा लिहिला. जॅनेट जॅक्सनच्या 'रिदम नेशन' गाण्याचा व्हिडिओ लावला की काही लॅपटॉप बंद पडत. शेजारी ठेवलेला, ज्यावर काहीच वाजत नाही असा लॅपटॉपही बंद पडला. शेवटी कळलं, की गाण्यातली एक फ्रिक्वेन्सी त्या लॅपटॉपमधल्या मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या नैसर्गिक कंपनांशी जुळत होती. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने ती फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर बसवून प्रश्न सोडवला.

हे सगळं लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवर घडलं. ट्रॉलीवर बेसची थप्पी आणि त्याच ट्रॉलीवर टेबल असेल तर फिरत्या तबकडीची काय गत होईल, याची कल्पना करता येते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. त्यामुळे जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असेल तर ती बदलण्याचा खर्च किमतीतच धरावा. जागेची फार चिंता नको. ३२० केबीपीएस दर्जाचं चार मिनिटांचं गाणं सुमारे १० एमबीचं असतं, म्हणजे १० हजार गाणी १०० जीबीत मावतात. २५६ जीबी पुरते.

सगळे पैसे लॅपटॉपवर का घालू नयेत?

कारण लॅपटॉपला हेडफोनचं एकच भोक असतं. लोकांना एक गाणं ऐकू येत असताना पुढचं गाणं कानात ऐकून जुळवायचं, तर आवाजाचे दोन स्वतंत्र मार्ग लागतात. डीजे कंट्रोलरमध्ये त्यासाठीचं साउंड कार्ड असतं. कंट्रोलर नसलेला पन्नास हजारांचा लॅपटॉप हा डीजेपुरता महागडा प्लेअरच. त्यामुळे एकूण पन्नास हजार असतील तर निम्मे लॅपटॉपवर आणि निम्मे कंट्रोलर, हेडफोन, केबलवर अशी विभागणी शहाणपणाची.

कंट्रोलरबरोबर सॉफ्टवेअरचा खर्चही वाचू शकतो. पायोनियरच्या डीडीजे-एफएलएक्स४ सारख्या कंट्रोलरवर रेकॉर्डबॉक्सची मुख्य सोय वेगळे पैसे न भरता खुली होते, सेराटो डीजे लाइटही चालतं. मिक्स तर पूर्णपणे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. आपल्याकडे सगळ्यात लाडकं व्हर्च्युअल डीजे. ते घरगुती वापरासाठी मोफत आहे, सुपारी वाजवायची तर परवाना लागतो. इथेच बहुतेक जण 'क्रॅक' शोधतात. पैसे वाचवण्याची धडपड समजू शकते. पण अनोळखी माणसाने फोडलेलं सॉफ्टवेअर अँटिव्हायरस बंद करून त्याच लॅपटॉपवर टाकायचं, ज्याच्यावर पोट अवलंबून आहे, हा सौदा वाईट आहे.

आणल्यावर आधी काय करायचं?

पॉवर सेटिंगमधून स्लीप बंद करावी आणि यूएसबी पोर्टची वीज तोडून बॅटरी वाचवणारा पर्यायही. कंट्रोलर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर असेल तर तोच निवडावा. विंडोज ११ मध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. सीझनमध्ये ती सोय वापरावी आणि मोकळ्या आठवड्यात अपडेट उरकावेत. कार्यक्रमात वाय-फाय, ब्लूटूथ आणि नोटिफिकेशनचे आवाज बंद. व्हॉट्सॲपचा 'टिंग' चार बेसमधून ऐकणं हा पाहुण्यांसाठी विनोद असतो, डीजेसाठी नाही. घरात एकच लॅपटॉप असेल आणि बहिणीचा अभ्यासही त्याच्यावरच चालत असेल, तर निदान डीजेसाठी वेगळं यूजर खातं काढावं.

जनरेटरवर चार्जर लावल्यावर स्पीकरमधून 'हूँ' असा गुणगुणाट येऊ शकतो. काही जण यावर चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हे जीवावर बेतू शकतं. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी किंवा डीआय बॉक्स लावला की काम होतं. तेही नसेल तर त्या वेळेपुरतं बॅटरीवर वाजवावं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी नीट तपासून घ्यायची, ती यासाठीही.

लॅपटॉप आणून दुसऱ्याच दिवशी सुपारीला नेऊ नये. दुपारच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत, पंखा बंद करून तीन तास सलग वाजवून बघावं. कार्यक्रमात जी उष्णता लागणार आहे, तीच त्याला घरी लागू द्यावी. आणि लॅपटॉप कितीही भरवशाचा निघाला, तरी तासाभराचा तयार मिक्स मोबाइलमध्ये आणि मिक्सरला लागेल अशी केबल खिशात असू द्यावी. मामा टेबलापाशी पोहोचायच्या आत ती लावता आली पाहिजे.