अब्रू कोणाची?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि २० ऑगस्टला क्षुब्ध लोकांनी रेल्वे रोखून धरली. त्या संतापाविषयी आम्हांस तिळमात्र तक्रार नाही. परंतु त्या प्रकरणातील अधिक लाजिरवाणी गोष्ट निराळीच होती. मुली बोलल्या होत्या. आईबापांनी ते खरे मानले होते. आणि तरीही फिर्याद नोंदविण्यासाठी त्यांना ठाण्यात तासन्‌तास तिष्ठत बसावे लागले! पोलिसांस कळविले नाही म्हणून शाळेच्या चालकांवरही पुढे गुन्हा दाखल झाला.

बदलापूर दूर आहे, असे धरमपुरीच्या मराठी माणसाने म्हणू नये. केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या तेरा राज्यांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही होते. निम्मे अत्याचारी ओळखीचे, विश्वासातले होते आणि बहुतेक मुलांनी त्याची वाच्यता कोठेच केली नव्हती. का करावी? आमच्या घरांत मूल असे काही बोलू लागले की "काय झाले, बाळ?" हा प्रश्न मागाहून येतो, "आणखी कोणाला सांगितलेस?" हा आधी. घराण्याची अब्रू म्हणतात ती हीच काय? अब्रू जावयाची ती त्या सभ्य काकाची, त्या शिकवणीच्या मास्तराची, पोराची नव्हे.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात असलेला पॉक्सो कायदा नर्मदेच्या दोन्ही तीरांस सारखाच लागू आहे. माहिती दडवून ठेवणे हा त्यात गुन्हा आहे. मुलाचा जबाब घेणाऱ्या पोलिसाने गणवेशात असता कामा नये, जबाब घरीही घेता येतो, मुलाला आरोपीसमोर उभे करावयाचे नाही, त्याचे नाव छापावयाचे नाही. खटला संपेपर्यंत सोबत करणारी आधारव्यक्ती बाल कल्याण समिती देते. १०९८ हा दूरध्वनी अहोरात्र चालू असतो. "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर तर १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेने कोणत्याही ठाण्यास देता येत नाही. सीमेवरच्या माणसास त्या एका शब्दाचा जाच आम्ही काय सांगावा!

धार-देवासच्या मराठी मंडळांना आमची एकच विनंती आहे. गणेशोत्सवातील एक सायंकाळ पालकांसाठी राखून ठेवा, महिला पोलीस अधिकाऱ्यास आणि समितीच्या सदस्यास बोलवा, आणि १०९८ हा आकडा मंडपाच्या दाराशी ठळक अक्षरांत लावा.