समुद्रावरचे ऊन आणि आपली सुगंधी बाटली

हिंगोलीपासून समुद्र चारशे किलोमीटरहून दूर आहे, तरी उन्हाळी सुट्टी लागली की आपल्या व्यवसायाशी त्याचा संबंध येतोच. जनशताब्दी एक्सप्रेस २०२४ मध्ये हिंगोलीपर्यंत आली आणि मुंबईमार्गे अलिबाग किंवा पुढे कोकण गाठणे पूर्वीइतके दगदगीचे राहिले नाही. परीक्षा आटोपल्या की गणपतीपुळे, मालवण, गोवा असे बेत ठरतात आणि निघायच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये किंवा आयुर्वेदिक दुकानात मागणी येते: ‘ताई, क्रीम नको, उन्हासाठी काहीतरी नैसर्गिक द्या.’ मग खोबरेलात लिंबू, पेपरमिंट, लॅव्हेंडर यांचे पंधरा-वीस थेंब पडतात आणि तीस मिलिलिटरची बाटली गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाते. अशी बाटली कोणीही देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुगंधी तेलांना किनाऱ्यावरच्या दिवसात जागा नाही असे नव्हे. ती जागा उन्हाच्या आधी वासापुरती आणि ऊन उतरल्यावर कातडीवर आहे. उन्हात उघड्या अंगावर त्यांचे काम नाही.

आपल्यातल्या वैद्यांना यामागचे कारण मुळापासून समजावण्याची गरज नाही, कारण बावची त्यांच्या रोजच्या वापरातली आहे. कोडाच्या डागावर बावचीचे तेल लावून रुग्णाला उन्हात बसवतात, आणि बसवण्याचा वेळ थोडा जरी चुकला तरी त्या जागी टरारून फोड येतो. बावचीतले सोरालेन अंधारात शांत असते. उन्हातले अतिनील-ए किरण पडले की ते पेशीतल्या डीएनएला चिकटते आणि कातडी भाजल्यासारखी होते. हीच क्रिया मोजूनमापून वापरत इजिप्तमध्ये १९४० च्या दशकात कोडावर उपचार झाले आणि १९७४ पासून सोरायसिससाठी ‘पुवा’ पद्धत रूढ झाली. सोरालेनच्याच कुळातले बर्गाप्टेन हे द्रव्य बर्गमॉट, लिंबू, ग्रेपफ्रूट यांच्या साली दाबून काढलेल्या तेलात असते. कोलोन लावून उन्हात गेलेल्यांच्या मानेवर उमटणाऱ्या तपकिरी पट्ट्यांचा आणि बर्गमॉटचा संबंध १९१६ मध्येच वैद्यकीय वाङ्मयात नोंदला गेला होता. म्हणजे बावची लावताना घड्याळ हाती घेणारा वैद्य जर लिंबाचे तेल ‘नुसता वास’ म्हणून खोबरेलात मिसळत असेल, तर एकाच द्रव्यकुळाला तो दोन न्याय लावत आहे. बावचीला निदान रुग्ण औषध समजतो. समुद्रावर जाणारा मात्र बाटलीतल्या तेलाला संरक्षण समजून दिवसभर उन्हात राहतो.

हा त्रास तेलाच्या खाती सहसा जमाही होत नाही. लालसरपणा लगेच दिसत नाही, तो दीड ते तीन दिवसांत वाढत जातो. तोपर्यंत मंडळी परतीच्या गाडीत बसलेली असतात आणि दोष खाऱ्या पाण्याला, हॉटेलच्या साबणाला किंवा खाल्लेल्या मासळीला दिला जातो. ओळखायची खूण डागाच्या आकारात आहे. साधे ऊन लागले तर उघडा भाग सरसकट लाल होतो. इथे मात्र तेल जिथून ओघळले तिथे रेघ असते, बोटे टेकली तिथे बोटांचे ठसे असतात आणि कानामागे, मानेच्या बाजूला, मनगटाच्या आत ठिपके दिसतात. नंतर लाली जाते आणि काळसर डाग महिनोन्‌महिने राहतो. सुट्टीहून आलेली अशी मानेवरची रेघ पार्लरमध्ये ‘टॅन’ म्हणून ब्लीचखाली गेली तर ती आणखी गडद होण्याचीच शक्यता जास्त. किनाऱ्यावर भर उन्हात लिंबू पिळून सरबत करणाऱ्याच्या हातावरही असेच डाग उठतात. तिथे तर तेलाची बाटलीसुद्धा नसते.

‘थेंबभर तेलाने काय होणार’ हा पहिला आक्षेप. तर थेंबच मोजू. सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाची जागतिक संघटना इफ्रा हिने उन्हात उघड्या राहणाऱ्या आणि न धुतल्या जाणाऱ्या त्वचेसाठी मर्यादा ठरवून दिल्या आहेत: बर्गमॉट ०.४ टक्के, दाबून काढलेले कागदी लिंबाचे तेल ०.७ टक्के, मोठ्या पिवळ्या लिंबाचे २ टक्के. एक मिलिलिटर म्हणजे ढोबळ वीस थेंब धरले तर तीस मिलिलिटरच्या बाटलीत बर्गमॉटचे दोन, कागदी लिंबाचे चार आणि पिवळ्या लिंबाचे बारा थेंब एवढीच मुभा आहे. आपल्याकडे सरसकट दोन-तीन टक्क्यांनी मिश्रण करण्याची सवय आहे, म्हणजे बारा ते अठरा थेंब. या हिशेबाने बर्गमॉट मर्यादेच्या पाच-सात पट जाते. शिवाय दोन-तीन लिंबूवर्गीय तेले एकत्र केली तर प्रत्येकाची मर्यादा वेगळी धरून चालत नाही, त्यांचा भार एकत्र मोजावा लागतो. वाफेवर काढलेल्या लिंबाच्या तेलात हा दोष नाही, कारण बर्गाप्टेन वाफेबरोबर वर येत नाही. गोड संत्र्याच्या तेलावरही हे बंधन नाही आणि बर्गाप्टेन काढून टाकलेले बर्गमॉट ‘एफसीएफ’ या खुणेने मिळते. पण बाजारातल्या बाटलीवर नुसते ‘लिंबू’ लिहिलेले असते. कागदी की पिवळे, दाबून की वाफेवर, यातले काहीच त्यावरून कळत नाही. जे कळत नाही ते दाबून काढलेलेच आहे असे धरून चालावे.

‘तेलेच ऊन अडवतात’ हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण त्यामागे छापील आकडे आहेत. रायपूरच्या विद्यापीठातील संशोधकांचा २०१० चा निबंध आपल्या क्षेत्रात वारंवार दाखवला जातो. त्यात खोबरेलाचा एसपीएफ सुमारे ७.१, पेपरमिंटचा ६.७, तुळशीचा ६.६, लॅव्हेंडरचा ५.६ असा दिला आहे. ‘विज्ञानानेच सांगितले’ म्हणून हे आकडे जाहिरातीत आले आणि नंतर त्यांना पाय फुटले. निबंध खोटा नाही, पण त्याने काय मोजले ते पाहायला हवे. तेल अल्कोहोल-पाण्यात विरघळवून काचेच्या नळीत घातले आणि २९० ते ३२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ते किती प्रकाश शोषते हे यंत्रावर वाचले. हा पट्टा अतिनील-बी किरणांचा आहे. लिंबाच्या तेलाला पेटवणारे अतिनील-ए किरण या मोजमापात नाहीतच. सनस्क्रीनची खरी चाचणी माणसाच्या पाठीवर होते आणि तिथे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर दिला जातो. त्या जाडीने प्रौढ माणसाचे सगळे अंग माखायला साधारण तीस मिलिलिटर लागतात, म्हणजे आपण चार दिवसांसाठी दिलेली बाटली एका वेळेस संपावी. तेल तसे कोणी लावत नाही. ते चोळून पुसट करतात आणि घामाबरोबर ते खाली उतरते. शिवाय पेपरमिंटचा तो आकडा मिश्रणाला लागूच होत नाही, कारण शंभर भागांतले दोन भाग पेपरमिंट असलेल्या तेलात पेपरमिंटचे संरक्षण नावालाच उरते. त्याच निबंधातला गुलाबतेलाचा ०.२५ हा आकडा मात्र जाहिरातीत कधी येत नाही!

यातून काही जण मधला मार्ग काढतात: आधी सनस्क्रीन लावा, त्यावर आमचे तेल. हे सर्वांत वाईट. सनस्क्रीनचे काम त्याच्या सलग पापुद्र्यावर अवलंबून असते आणि वरून तेल चोळले की तो पापुद्रा तुटतो. गिऱ्हाईक दोन्हींचे पैसे देते आणि संरक्षण एकाचेही पुरते मिळत नाही.

‘आपल्या लोकांची कातडी सावळी, तिला ऊन बाधत नाही’ हा तिसरा युक्तिवाद. सावळ्या त्वचेला भाजण्यापासून गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त आडोसा असतो, हे खरे. पण सोरालेनवर्गीय द्रव्यांनी उठणारा काळा डाग रंगद्रव्य जास्त असलेल्या त्वचेत अधिक गडद आणि अधिक चिवट होतो, आणि आपल्या गिऱ्हाइकांची तक्रार भाजण्याची कमी आणि डागांचीच जास्त असते. दिवसही विचारात घ्या. सूर्य मालवणच्या बरोबर डोक्यावर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि हिंगोलीवर १९ मेच्या आसपास. सुट्टीचा काळ नेमका तोच. स्वच्छ दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या भाषेत ‘अतितीव्र’ असणे तेव्हा नेहमीचे. कोरडी वाळू त्यातले सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के किरण परत फेकतो, त्यामुळे छत्रीखाली बसलेलाही पुरता सावलीत नसतो. अतिनील-ए तर सकाळच्या कोवळ्या उन्हातही असते आणि गाडीच्या बाजूच्या काचेतूनही बऱ्याच अंशी आत येते. हाच नियम येलदरीच्या किंवा इसापूर धरणाच्या काठी सहलीला जाणाऱ्यांना लागू आहे आणि हळद शिजवून अंगणभर वाळत घालणाऱ्या बायकांनाही. समुद्र हे फक्त निमित्त.

हळदीचा उल्लेख आला तर तोही विषय टाळता येणार नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान योग्यच आहे, आणि हळदीच्या तेलाला बाजार मिळावा असे आम्हालाही वाटते. मात्र ‘हळदीचे तेल लावा, ऊन लागणार नाही’ असे म्हणणे हळदीचे भले करणारे नाही. वाफेवर काढलेल्या तेलात टर्मेरोन गटाची द्रव्ये असतात. कर्क्युमिन वाफेबरोबर येत नाही, त्यामुळे कर्क्युमिनच्या नावाने होणारे कुठलेच दावे या तेलाला चिकटवता येत नाहीत. आणि कर्क्युमिन असते तरी उन्हात ते किती टिकले असते? हळदीचा डाग पडलेले कापड धुऊन उन्हात वाळत घातले की डाग उडतो, हे आपल्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे. प्रकाशात स्वतःच मोडणारे द्रव्य दुसऱ्याला प्रकाशापासून कसे राखणार? हळदीच्या तेलाची जागा अंगदुखीच्या, मालिशच्या तेलात आहे. तिथे त्याचा बाजार वाढवू.

पेपरमिंटबद्दल वेगळी काळजी आहे. त्यातले मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहीला जागे करते. २००२ मध्ये हा ग्राही ओळखणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले. म्हणजे गारवा जाणवतो, पण अंगातली उष्णता तिथेच राहते. दुपारी बारा वाजता वाळूत खेळणाऱ्याला गार वाटत राहिले तर तो सावलीत यायला आणि पाणी प्यायला उशीर करतो. उष्माघाताच्या दिवसांत शरीराची तक्रार दाबणारे काहीही अंगभर लावायला देऊ नये. निलगिरी आणि कापूर तर लहान मुलांच्या बाबतीत पूर्ण वर्ज्य समजावेत. पोटात गेल्यास या दोन्हींनी झटके येतात हे वैद्यकात पक्के नोंदले आहे, आणि सहलीच्या पिशवीत सरबताच्या बाटलीशेजारी पडलेली छोटी रंगीत बाटली मुलाच्या हाती लागायला वेळ लागत नाही.

मग विकायचे काय, हा प्रश्न रास्त आहे. पोटाचा प्रश्न टाळून उपदेश करण्यात अर्थ नाही. प्रवासात घाट लागला की मळमळणाऱ्यांसाठी रुमालावर आल्याचा किंवा पेपरमिंटचा एक थेंब, कातडीला न लावता, द्यावा. ऊन उतरून अंग धुतल्यावर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक टक्का वाळा किंवा रोशा. रोशा तेल ही तर महाराष्ट्राचीच जुनी मिळकत. खानदेशच्या रानातल्या गवतापासून भट्ट्यांवर काढलेले हे तेल एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि गुलाबतेलात भेसळीला वापरले जाई. लाल झालेल्या किंवा फोड आलेल्या कातडीवर मात्र कुठलेच सुगंधी तेल नको, तिथे फक्त गार पाण्याची घडी. संध्याकाळी किनाऱ्यावर डास-चिलटांसाठी सिट्रोनेला चालेल, पण त्याची मुदत सांगूनच द्यावे: २००२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका तुलनेत सिट्रोनेलाच्या उत्पादनांनी वीस मिनिटेही डास रोखले नव्हते आणि २३.८ टक्के डीट या रसायनाने पाच तास रोखले. बाटली साठवायची कुठे, हेही सांगावे. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या तेलातले लिमोनीन आणि लिनालूल हवेशी संयोग पावून खाज आणणारी द्रव्ये तयार करतात. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली यंदा वापरूच नये. आणि दुकानात मिसळून स्वतःच्या नावाने विकलेली बाटली ही कायद्याने सौंदर्यप्रसाधनाची निर्मिती ठरते. तिला परवाना लागतो, हे आपल्यापैकी अनेकांच्या गावीही नाही.

उन्हासाठी मागणाऱ्याला चांगले सनस्क्रीन, टोपी आणि लांब बाह्यांचा सुती सदरा सुचवावा, मग त्यात आपली विक्री बुडाली तरी चालेल. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथील आपल्या सर्व व्यावसायिकांना एवढीच विनंती की, एप्रिल उजाडण्याआधी पुरवठादाराला पत्र पाठवा. प्रत्येक लिंबूवर्गीय तेल कोणत्या फळाचे, कोणत्या पद्धतीने काढलेले आणि त्यात बर्गाप्टेन किती, हे लेखी मागवा. जो पुरवठादार उत्तर देणार नाही, त्याचा माल परत करा.