वीस रुपयांची जाग

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांभोवती रात्री चहाच्या जोडीला आता एनर्जी ड्रिंकही खपतं. अडीचशे मिलीची गार बाटली, वीस रुपये. रोज मेसचा हिशेब करणाऱ्या पोरालाही परवडते, ही खरी गोम.

बाटलीत असतं काय? साखर आणि कॅफीन. आपल्याकडच्या नियमानुसार लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं. म्हणजे या बाटलीत जास्तीत जास्त ७५. आकडा भयंकर नाही. भयंकर आहे ती वेळ. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि झोपेची ओढ लागते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, फक्त जाणवेनासा होतो. निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला रिचवलेल्या बाटलीतलं निम्मं पहाटे चारलाही अंगात असतं. मग पोरगं आडवं होतं, झोप मात्र उथळ लागते. आणि वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच! राज्यघटनेची कलमं पाठ करायला जागायचं आणि ती मुरायची वेळच घालवायची, असा हा उफराटा व्यवहार.

नॉर्वेत ५३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी झाली, ती २०२४ मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये छापून आली. रोज एनर्जी ड्रिंक पिणारे इतरांपेक्षा सुमारे अर्धा तास कमी झोपत होते. झोप नाही म्हणून पितात की पितात म्हणून झोप नाही, हे अशा पाहणीतून ठरत नाही. मला विचाराल तर दोन्ही. सकाळची मरगळच संध्याकाळी पुढची बाटली उघडायला लावते.

त्याच वर्षी विधान परिषदेत मंत्र्यांनी शाळांपासून पाचशे मीटरच्या आत जास्त कॅफीनची पेयं विकू देणार नाही, असं सांगितलं. चांगलं आहे. पण अठरा ओलांडलेल्यांना बंदी घालून काय साधणार? ती गल्लीपलीकडे जातील. त्यांना दोन साध्या गोष्टी हव्यात. एक, बाटलीवर एकूण कॅफीन मिलिग्रॅममध्ये, ठळक मराठीत. दुसरी, अभ्यासिकांनी 'चोवीस तास खुली' ही जाहिरात आवरावी. पाटीवरचा तो अभिमान मला बाटलीपेक्षा जास्त खटकतो. रात्री बाराला दिवे बंद करणारी अभ्यासिका निघाली, तर तिची जाहिरात मी या स्तंभात फुकट करीन.