डूममधला आवाज

मराठीच्या प्राध्यापकांनी ॲम्प्लिफायरवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. आम्हांलाही ते तसेच वाटले असते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सोनपेठच्या एका दुकानात आम्ही दोघांनी जी एक दुपार काढली, तिच्यानंतर हा विषय आमच्याच अभ्यासक्षेत्रातला आहे आणि आपण सारे त्याकडे पाठ फिरवून बसलो आहोत, असे आमचे मत झाले. ते येथे मांडत आहोत.

दुकान आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे. एम.ए.ला लोकसाहित्याच्या पेपरात तो जेमतेम पास झाला होता, आणि त्या पेपराचा अध्यापक आमच्यापैकीच एक होता. आता तो मिक्सर, पंखे, मोटारी दुरुस्त करतो. त्याने जुनी करिझ्मा घेतली आहे. हीरो होंडाने २००३ साली आणलेली ही गाडी तरुणांमध्ये गाजली ती पुढच्या अर्ध्या कवचामुळे. वारा अंगावर येऊ न देता बाजूला सारणाऱ्या या कवचाला इंग्रजी जाणणारे फेअरिंग म्हणतात. आमच्याकडचे मिस्त्री 'डूम' म्हणतात. या गाडीवरून त्याला कोकणात जायचे होते आणि वाटेत गाणी ऐकायची होती. म्हणून डूमच्या पोटात, हेडलाइटच्या मागे, तो ॲम्प्लिफायर बसवत होता.

वाटते तेवढे हे काम सोपे नाही. डूमच्या आत जागा बेताची, त्यात वायरींचा गुंता. ऊन, धूळ, पाऊस आणि अखंड थरथर. जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेचा जवळजवळ निम्मा भाग उष्णतेतच घालवतो, त्यामुळे कोंडलेल्या जागेत तो तापून बंद पडतो. म्हणून त्याने 'डी' वर्गाचा लहानसा बोर्ड घेतला होता. त्यात दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच वीज वाया जाते. बॅटरीपासून थेट वायर, बॅटरीजवळच फ्यूज, आणि चावी फिरवली की वीज तुटावी म्हणून मध्ये रिले. १२ व्होल्टवर १०० वॉट ओढायचे तर आठ अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो, ही आकडेमोड त्याने आम्हांला तोंडी करून दाखवली. सर्वांत अवघड होते अर्थिंग. ते एकाच ठिकाणी नीट जोडले नाही तर इंजिनाचा वेग वाढेल तशी स्पीकरमधून चढत जाणारी शिट्टी ऐकू येते. गाण्यात गाडीच बोलू लागते म्हणा ना! ती शिट्टी घालवण्यात त्याचा दीड तास गेला. आवाजाकडे इतके कान देऊन ऐकणारा विद्यार्थी आम्ही वर्गात क्वचितच पाहिला आहे. निदान त्याच्यात तो आम्हांला दिसला नव्हता.

मोटारसायकलीवर संगीत ही हौस अर्थातच सोनपेठची नव्हे. होंडाने १९८० साली अमेरिकेत 'गोल्ड विंग इंटरस्टेट' कारखान्यातूनच कवच बसवून विकायला आणली, आणि त्या कवचात रेडिओची सोय होती. पण मुख्य अडचण तिथे आणि इथे सारखीच आहे: वारा. ताशी १०० किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्याही वर जातो. त्याच्यावर मात करायला १० डेसिबल चढायचे तर ॲम्प्लिफायरची शक्ती दहापट लागते, आणि एवढे करून कानाला आवाज दुप्पटच वाटतो. स्वार मग आवाज चढवत राहतो. चौकात गाडी थांबते, वारा थांबतो, गाणे मात्र वाऱ्याच्याच मापाने चालू राहते आणि चहाच्या गाड्यावरची सारी माणसे मान वळवतात. मोठ्या कंपन्यांच्या महागड्या गाड्यांत यावर उपाय आहे: वेग कमी झाला की आवाज आपोआप उतरतो. समोर वारा आहे की माणूस, हे त्या यंत्राला कळते म्हणायचे. आमच्या चर्चासत्रांतल्या काही बीजभाषकांना ही सोय असती, तर मराठी समीक्षेचे बरेच भले झाले असते. असो.

आमचे लक्ष मात्र दुकानाच्या दारात उभ्या दुसऱ्या मोटारसायकलीने वेधून घेतले. ती त्याच्या वडिलांची. मागे दोन्ही बाजूंना लसूण-मसाल्याची पोती, हँडलला बांधलेला भोंगा, सीटखाली वेगळी बॅटरी (गाडीची स्वतःची बॅटरी एवढा भार तासभरही पेलत नाही) आणि एक पेनड्राइव्ह. हे सारे मुलानेच जोडून दिलेले. वडील पंचवीसेक वर्षे गावोगाव ओरडत हिंडले. घसा गेला, तेव्हा मुलाने त्यांची आरोळी एकदा ध्वनिमुद्रित केली. आता ती दिवसभर फिरते आणि वडील गप्प बसून गाडी चालवतात.

येथे हळहळण्याचा मोह होतो. 'माणसाचा आवाज यंत्राने गिळला' हे वाक्य आमच्यापैकी एकाच्या जिभेवर आलेच होते. ते आम्ही गिळले, कारण आम्ही स्वतः सत्तर मुलांच्या वर्गात माईक मागून घेतलेला आहे. घशाची किंमत ज्याला ठाऊक आहे, त्याने फेरीवाल्याच्या भोंग्यावर अश्रू ढाळू नयेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवावा लागतो. हे नियम योग्य आहेत. पण लसणाचा भोंगा आणि डूममधले गाणे यांना एकाच मापाने मोजणे आम्हांला पटत नाही. भोंग्याला ऐकणारे कोणीतरी हवे असते. दार उघडून ताट घेऊन येणाऱ्या बाईसाठी तो ओरडतो. डूममधल्या गाण्याला ऐकणारा एकच असतो, तोही वाऱ्यात. आवाज मोठा करणे आणि आवाज पोहोचवणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. 'ध्वनिवर्धक' या आपल्या शब्दात त्यांपैकी पहिलीच आली आहे.

आमची तक्रार वेगळी आहे आणि ती आमच्याविरुद्धच आहे. त्या मुद्रित आरोळीत आम्हांला एक गोष्ट खटकली: तिच्यात भाव नव्हता. भाव रोज बदलतो, म्हणून मुद्रण करताना तो वगळलेला. वडिलांना विचारले, तेव्हा त्यांनी बसलेल्या आवाजात सांगितले की पूर्वी भाव तर असेच, शिवाय कोणत्या आळीत काय म्हणायचे हेही ठरलेले असे. एका गल्लीत सुनेला उद्देशून, दुसरीत सासूला; जत्रेच्या दिवसांत एक, ऊसतोडीला माणसे निघून गेल्यावर दुसरेच. मुसलमान वस्तीत शिरताना बोली आपोआप दखनीकडे झुके. निजामाच्या राज्यात राहिलेल्या या मुलखात ती ऐकणाऱ्यांना परकी नव्हती. म्हणजे आरोळी ही ठरलेली संहिता नव्हतीच. श्रोत्यागणिक घडणारे ते सादरीकरण होते. हे वाक्य आम्ही वासुदेवाविषयी, गोंधळ्याविषयी दरवर्षी फळ्यावर लिहितो.

साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या जमवल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याच्या संकलनाला आयुष्य दिले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या लाखभर ओव्या नोंदवल्या, त्यांत आमच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचाही आवाज आहे. गंगाखेडच्या जनाबाईचे नाव सांगणाऱ्या या भागात जात्याला आपण असा मान दिला, हे चांगलेच झाले. पण तो दिला तेव्हा घरोघरची जाती थांबत आली होती. फेरीवाल्याची आरोळी आज थांबते आहे, आणि ती ओवीइतकी 'पवित्र' नाही म्हणून कोणत्याही विभागाच्या संकलनात ती आमच्या पाहण्यात नाही. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्गांना प्रकल्प द्यावे लागतातच. कादंबऱ्यांतल्या स्त्रीचित्रणावर तेच ते प्रबंधिकेचे विषय वाटण्याऐवजी एका तालुक्यातल्या पन्नास आरोळ्या, त्यांच्या गल्ल्या, ऋतू आणि भावांसह नोंदवायला काय हरकत आहे? प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. नाही ते आमच्याकडचे लक्ष.

संध्याकाळी करिझ्माचे काम संपले. शिट्टी गेली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने गाडीत बदल करण्यावर बंधने घातली आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती अधिक ठाम केली, हे आम्ही अध्यापकी सवयीने त्याला सांगितले. त्यानेही विद्यार्थिदशेतल्या सवयीने मान डोलावली. तपासून पाहण्यासाठी त्याने वडिलांचाच पेनड्राइव्ह डूममध्ये लावला. त्या चिमुकल्या बोर्डातून लसणाची आरोळी इतकी स्वच्छ आली की शेजारच्या दुकानातली एक बाई खरेच पिशवी घेऊन बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वडिलांची आरोळी, भावासकट आणि गल्लीसकट, फोनवर नोंदवून घ्यायला पुन्हा गेलो. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग खाकरून म्हणाले, "मशीनमधलीच घ्या की सर, तिच्यात आवाज साफ हाये."