मंगळवारचा सण मंगळवारीच

सिडनीत संक्रांत ऐन उन्हाळ्यात येते. शहराच्या पश्चिमेला पेनरिथमध्ये 4 जानेवारी 2020 रोजी पारा 48.9 अंशांवर गेला होता. अशा जानेवारीत गुळाचा पाक करून चटचट लाडू वळायचे. तीळगूळ थंडीत अंगाला ऊब देतो, हे आजीचं कारण इथे लागू पडत नाही. पण त्याच दिवसांत बाजारात क्वीन्सलंडचे आंबे आलेले असतात. तीळगुळाशेजारी आमरसाची वाटी ठेवली तर बिघडलं कुठे? अक्षय्य तृतीयेला इथे आंब्याचा मोसम कधीच सरलेला असतो.

दक्षिण गोलार्धात पंचांग तेच, ऋतू उलटे. श्रावणात हुडहुडी, पाडव्याला पानगळ, दिवाळीला वसंत. नव्याने आलेल्यांना हे फार खटकतं. मग काहीजण एकूण एक वस्तू भारतातून मागवून तिथलाच सण इथे मांडू पाहतात. काहीजण घरचं सगळं सोडून देतात आणि शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमाला जाऊन येतात.

मंडळांबद्दल मला मनापासून आदर आहे. हॉल मिळवणं, पंगती वाढणं, मुलांची नाटकं बसवणं, हे सारं ही माणसं नोकऱ्या सांभाळून करतात. त्यांनी शनिवार-रविवार निवडला तर ते योग्यच आहे. घरच्या सणाला मात्र ही सक्ती कशाला? चतुर्थी मंगळवारी आली तर घरचा गणपती मंगळवारीच बसावा. ऑफिसला निघण्याआधी पूजा, संध्याकाळी आरती. एकवीस मोदक जमले नाहीत तर पाच. आठवड्याच्या मधोमध, डबा-ट्रेन-मीटिंगच्या रगाड्यात, घरात उकडीचा वास दरवळावा, यातलं सुख मला कुठल्याच मोठ्या कार्यक्रमात मिळालेलं नाही.

आणि सामान लागतं तरी किती? सिडनीत जागोजागी हिरवळीवर जे ‘काउच’ गवत दिसतं, ते म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन, आपली दूर्वाच. लोक यंत्र फिरवून ती कापून टाकतात. सप्टेंबरात कुंपणांवर जाईच्या कुळातला पांढरा वेल लगडलेला असतो. संध्याकाळी गल्लीभर त्याचा सुगंध. जास्वंदीला हा महिना जरा लवकर पडतो, तेव्हा लाल जिरॅनियम वाहावं. मुलांना परडी देऊन शेजारी विचारायला पाठवा. फुलं कशासाठी हवीत, हे त्यांना दारोदार सांगावं लागतं, आणि ते सांगता सांगताच सण त्यांचा होतो.

दिवाळीत रस्त्याकडेचे जॅकरंडा जांभळे झालेले असतात. शाळेला सुट्टी नसते, म्हणून अभ्यंगस्नान आणखीच गंमतीचं. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो; त्याआधी उटणं लावून, चकलीचा तुकडा मोडून, उटण्याच्या वासासकट मुलं शाळेत जातात. ऑक्टोबरच्या पहिल्याच रविवारी घड्याळं तासभर पुढे गेलेली असल्याने पणत्यांना हवा तसा अंधार व्हायला रात्रीचे आठ वाजतात. तोवर अंगणात रांगोळी निवांत काढून होते.

मला सर्वांत जवळची वाटते ती संकष्टी. तिला ना हॉल लागतो ना वर्गणी, आणि ती दर महिन्याला येते. पुण्याची चंद्रोदयाची वेळ इथे चालत नाही. आपल्या शहराची पाहावी लागते. डिसेंबर-जानेवारीत चंद्र उगवेपर्यंत दहा वाजून जातात. बाल्कनीत उभं राहून त्याची वाट पाहताना इथलं आकाशही ओळखीचं होत जातं.

तुमच्या शहरात नुकताच शिकायला आलेला एखादा मुलगा किंवा मुलगी माहीत असेल, तर येत्या संकष्टीला जेवायला बोलवा. वार कोणताही असो. वरण-भात आणि एक मोदक पुरे. त्यांना शनिवारपर्यंत थांबायला लावू नका.